संक्रांतीची बोरं एप्रिलमध्ये ठरतात: उमराण आणि ॲपल बोराची छाटणी

भोगीला सोलापुरात संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा होतो. त्याच्या चार दिवस आधी माझ्या बागेतल्या बोरांचा पहिला तोडा बाजारात उतरलेला असावा, असा माझा दरवर्षीचा हट्ट असतो. त्या आठवड्यात बोराला जे गिऱ्हाईक असतं ते पुन्हा वर्षभर नसतं. सुगडात घालायला बोरं लागतात, बाळांच्या बोरन्हाणाला लागतात, होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेला आलेली माणसं पुडा बांधून घेतात. पुढं फेब्रुवारी सरता सरता द्राक्षं आणि कलिंगडं आली की बोराकडं कुणी बघत नाही.

म्हणून मी संक्रांतीपासून मागं मोजते. माझ्या बागेत उमराण ही बोराची जात आहे. तिचं फूल लागल्यापासून फळ तयार व्हायला पाच-साडेपाच महिने जातात. म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माल हवा असेल तर जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला झाड फुलात पाहिजे. फुलं येतात ती त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, म्हणजे नव्यानं निघालेल्या कोवळ्या फांदीवर, पानाच्या बेचक्यात. ती फूट फुलावर यायला दीड-दोन महिन्यांची झालेली असावी लागते, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात डोळे, म्हणजे काडीवरचे मिटलेले कोंब, फुटलेले हवेत. आणि डोळे तेव्हा जोमानं फुटायचे असतील तर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवायचं ते एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. बोराच्या छाटणीचा सगळा जीव या तारखेत आहे. कापायचं कसं हे मी पुढं सविस्तर सांगतेच, पण तारीख चुकली तर चांगल्या कापणीचंही मोल उरत नाही.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. १९९० साली राज्यात रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा आमच्याकडच्या माळरानावर बोर, सीताफळ, डाळिंब यांचे खड्डे निघाले. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, १९९२ ला दोन एकरांत सहा मीटर बाय सहा मीटरवर २१८ खड्डे घेतले. आधी रानबोराचं बी जागेवर टोकलं, रोप आलं, मग त्याच्यावर उमराणचा डोळा भरला, म्हणजे कलम केलं. बोराचं सोटमूळ खोल जातं. पिशवीतलं रोप उपटून लावलं की ते मूळ दुखावतं, म्हणून बी जागेवरच लावायचं, असं आबा म्हणायचे. त्यांतली १८४ झाडं आज उभी आहेत. सोलापूरचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि आमच्याकडं तर त्याचीही खात्री नसते. अशा रानात ही झाडं तीस वर्षांवर जगली आणि पिकली ती या मुळावर. लग्न होऊन आले त्या वर्षीच आबांनी माझ्या हातात सिकेटर दिलं. गेली अठरा वर्षं छाटणी मीच करते, सोबत वस्तीवरच्या तीन बायका असतात.

बोराचं झाड उन्हाळ्यात झोपतं, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. बाकीची झाडं चैत्रात पालवतात, बोर मात्र त्याच सुमाराला पानं टाकतं. शेवटचा तोडा फेब्रुवारीत संपला की मी पाणी पूर्ण तोडते. मार्चअखेर पानं पिवळी पडायला लागतात, एप्रिलमध्ये फांदी हलवली तरी खाली सडा पडतो. झाडानं आपलं अन्न खोडात आणि जाड फांद्यांत साठवून ठेवलेलं असतं. या अवस्थेत वरचं कापलं तर झाडाचं काही जात नाही, साठा जिथल्या तिथं राहतो. पुढं वळवाचा पाऊस पडला, हवेत ओल आली, की तोच साठा राखलेल्या मोजक्या डोळ्यांना मिळतो आणि फूट ताकदीची निघते.

झाड तयार आहे का हे मी तीन गोष्टींवरून ओळखते. निम्म्याहून जास्त पानं गळालेली असावीत. पानाच्या बेचक्यातला डोळा घट्ट मिटलेला, तपकिरी असावा, त्यात हिरवं टोक दिसता कामा नये. आणि काडीची साल नखानं खरवडली की आत हिरवी ओल दिसावी. आत तपकिरी कोरडं निघालं तर ती काडी मेलेली आहे, ती तारखेची वाट न बघता बुडापासून काढा.

उशीर केल्यावर काय होतं ते मी २०११ मध्ये भोगलं. थोरल्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाग कुणी बघितलीच नाही. छाटणीला उभी राहिले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता आणि एक पाऊस होऊन गेला होता. काड्यांच्या शेंड्याकडं चार-चार बोटं फूट आलेली. ती सगळी कापून टाकताना हात चालत नव्हता, कारण झाडानं साठवलेलं अन्न त्या फुटीत घातलं होतं आणि मी ते जमिनीवर टाकत होते. झाडाला दुसऱ्यांदा फुटावं लागलं. फूट बारीक आली, फुलं सप्टेंबरच्या शेवटी लागली, फळ वाटाण्याएवढं असताना भुरीनं, म्हणजे पांढऱ्या बुरशीच्या रोगानं, गाठलं. संक्रांतीला झाडावर हिरवीकच्च बोरं होती. माल आला मार्चच्या तोंडावर, तोही बारीक. त्या वर्षी पेटीचं आणि गाडीचं भाडं जेमतेम निघालं.

घाई केली तरी नुकसान आहे. आमच्या शेजारच्या बागेत एका वर्षी फेब्रुवारीअखेर माल संपल्या संपल्या छाटणी झाली आणि ठिबक चालू ठेवलं गेलं. मार्चमध्ये बाग हिरवीगार झाली, बघायला माणसं यायची. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर गेला, कोवळे शेंडे करपले, त्या फुटीवर जे फूल आलं ते उन्हानं गळून गेलं. पावसाळ्यात झाड पुन्हा फुटलं, पण जोर अर्धाच.

हे तारखांचं गणित सोलापूरचं आहे, हेही सांगते. तमिळनाडूत बोराची छाटणी आपल्याआधी होते, हरियाणा-पंजाबात मेच्या शेवटी होते. ज्या त्या भागातलं झाड जेव्हा झोपतं तेव्हाच कापायचं. दुसऱ्या राज्यातला कुणी मोबाईलवर तारीख सांगत असेल तर आधी त्याचं गाव विचारा.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे, की बागेचे दोन भाग करते. खालची बाजू, जिथं माती जरा खोल आहे, ती १५ एप्रिलच्या सुमाराला. वरची मुरमाड बाजू ५ मेच्या आत. वीस दिवसांचं अंतर ठेवलं म्हणून माल वीस दिवस मागं जातो असं होत नाही, पावसाळा बराचसा फरक भरून काढतो. पण आठ-दहा दिवसांचा फरक पडतो, आणि तेवढ्यानं एकदम सगळा माल अंगावर येत नाही. तोडणीला माणसं पुरतात. महाशिवरात्रीच्या आधी बाग रिकामी होते.

आता हत्यारं. सिकेटर धारदार हवं, बोथट सिकेटर काडी कापत नाही, चेंगरतं, आणि चेंगरलेली जागा वाळत खाली उतरते. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला घडीची करवत वापरा. कोयत्यानं बोर तोडू नका. एका घावात काम होतं असं वाटतं, पण फांदी चिरते, साल सोलून खाली येते. बोराला पानाच्या बुडाशी दोन काटे असतात, एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकडा. सरळ काटा टोचतो, वाकडा ओढून धरतो. आम्ही बायका साडीवर घरातला जुना फुलबाह्यांचा जाड शर्ट घालतो, हातात चामडी मोजे, डोक्याला घट्ट फडकं, पायात बूट. चष्मा असेल तर लावाच, फांदी सुटून डोळ्याकडंच येते. काम सकाळी सहा ते दहा. त्यानंतर उन्हात उभं राहण्यात अर्थ नाही, हाताचा नेम चुकतो.

झाडापुढं आल्यावर लगेच कापायला लागू नका. एक फेरी मारा आणि वाकून बुंध्याकडं बघा. कलमाच्या जोडाखालून रानबोराचे फुटवे आलेले असतात. त्यांची पानं लहान आणि गोलसर, काटे दाट, आणि ते उमराणपेक्षा जोमानं वाढतात. सोडून दिले तर चार-पाच वर्षांत झाडच रानबोर होऊन बसतं. ते आधी मुळापासून काढा.

मग मेलेल्या, किडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. मग आत वळलेल्या. उमराणचं झाड पसरट, फांद्या लोंबणाऱ्या, त्यामुळं जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या आत येणारं सगळं कापायचं. खाली टेकलेली बोरं मातीनं माखतात आणि तोडताना आत शिरता येत नाही. झाडाच्या मधोमध उजेड उतरला पाहिजे. मी कापून झालं की खोडाशी उभी राहून वर बघते. आभाळाचा परातीएवढा तुकडा मोकळा दिसला की बास. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भुरी येते ती दाट, दमट झाडात आधी येते. मधे हवा खेळती राहिली की फवारा आतपर्यंत पोचतो आणि एखादी फवारणी वाचतेही.

यापुढचं काम कौशल्याचं आहे, म्हणून इथं जरा थांबते. राहिलेल्या फांद्यांवर गेल्या वर्षीच्या काड्या आहेत, दीड-दोन मीटर लांब, नागमोडी. त्यांवर किती डोळे ठेवायचे? पुस्तकात एक आकडा मिळतो, गेल्या वर्षीच्या वाढीचा ठराविक हिस्सा ठेवा असा. तो चुकीचा नाही, पण एकाच झाडावर जाड काडी असते, बारीक काडी असते, आणि दोघींना एकच माप लावलं तर दोन्ही बिघडतात. मी काडीची जाडी बघते. पेन्सिलीएवढी किंवा त्याहून जाड असेल तर बुडापासून दहा-बारा डोळे मोजून कापते. पेन्सिलीपेक्षा बारीक असेल तर पाच-सहा. उदबत्तीएवढी असेल तर बुडापासूनच काढते, त्या काडीवर फळ लागलं तरी ते पोसायची तिच्यात ताकद नसते. एका जागेवरून तीन-चार काड्या निघाल्या असतील तर बाहेर तोंड असलेल्या दोन ठेवायच्या.

हे माप आबांचं नाही, ते सगळीकडं वीतभर काडी ठेवत. मी २०१४ मध्ये एक खटाटोप केला. एकाच ओळीतली, एकसारख्या जोमाची बारा झाडं घेतली. चार झाडांना पांढरं फडकं बांधलं, त्यांचे नुसते शेंडे मारले. चार झाडांना पिवळं, त्यांची छाटणी वर सांगितली तशी मध्यम. चार झाडांना लाल, त्यांच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर आणल्या. तोडणीला प्रत्येक झाडाचं वजन वहीत लिहिलं.

पांढऱ्या फडक्याची झाडं वजनाला सगळ्यांत पुढं होती, झाडाला ७० किलोच्या आसपास. पण किलोत साठ बोरं बसायची, निम्मा माल तिसऱ्या प्रतीत गेला, आणि फळ सगळं झाडाच्या घेरावर, बाहेरच्या बाजूला. आत फांद्या नागव्या. असंच चार वर्षं केलं असतं तर फळ शिडीशिवाय हाताला लागलं नसतं. लाल फडक्याची झाडं ऑगस्टमध्ये सगळ्यांत देखणी दिसत होती, फूट पुरुषभर लांब, पानं रुंद. पण ती वाढतच राहिली, फुलाकडं वळलीच नाहीत. उशिरा थोडं फूल आलं, झाडाला ३० किलो मिळाले. बोरं मात्र मोठी, किलोत बत्तीस. पिवळ्या फडक्याच्या झाडांना ६५ किलो, किलोत चाळीस-बेचाळीस, आणि बहुतेक माल पहिल्या-दुसऱ्या प्रतीचा. पैसे कुठल्या झाडांनी जास्त दिले हे वही बघायच्या आधीच मला कळलं होतं, पेट्या भरणाऱ्या बायका पिवळ्या फडक्यांकडंच धावायच्या.

बारा झाडांवरून सगळ्या जिल्ह्याला नियम सांगावा असं मी म्हणत नाही. तुमच्या बागेत तुम्ही चार-चार झाडांवर हे करून बघा, वर्षभरात तुमच्या मातीचं माप तुम्हाला सापडेल.

त्यातून एक गोष्ट निघाली ती मात्र बोराला सगळीकडं लागू पडते. काप जितका कडक, तितकी फूट जोरात आणि फूल उशिरा. काप जितका हलका, तितकी फळं जास्त आणि बारीक. म्हणून जोमदार झाडाला, पाणी भरपूर असलेल्या झाडाला डोळे जास्त ठेवा, फळाच्या ओझ्यानं त्याचा जोर आटोक्यात राहतो. अशक्त झाडाला डोळे कमी ठेवा, म्हणजे मोजक्या फुटींना तरी पोटभर मिळेल. माणसं नेमकं उलटं करतात. वाळकुडं झाड दिसलं की दया येऊन त्याला कापत नाहीत, आणि ते आणखी खंगतं.

दरवर्षी मध्यम छाटत गेलं तरी तीन-चार वर्षांनी काड्यांच्या बुडांचा गुंता होतो आणि झाड हळूहळू वर सरकतं. त्यासाठी मी दरवर्षी झाडाची चौथाई बाजू, म्हणजे एखादी मोठी फांदी, जुन्या लाकडापर्यंत मागं आणते. चार वर्षांत झाड सगळ्या बाजूंनी नवं होतं आणि एकाही वर्षी माल पूर्ण बुडत नाही.

काप घेताना डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. डोळा बाहेर तोंड असलेला निवडा. जाड फांदी एका दमात वरून कापली तर ती अर्ध्यात मोडून खोडाची साल घेऊन जाते. आधी खालून चौथाई काप द्या, मग तिथून चार बोटं बाहेर वरून काप घेऊन फांदी पाडा, मग राहिलेला ठोंब खोडाजवळून नीट कापा. खोडाशी जी फुगीर कड असते ती राखा, जखम तिच्यातूनच भरून येते.

अंगठ्यापेक्षा जाड कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात रात्री भिजत घाला, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये विरवा, गार होऊ द्या, गाळा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. त्यात स्वच्छ विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, अजून थोडा घाला. ब्रशनं लावा. पेस्ट दुसऱ्या दिवसाला ठेवू नका.

छाटलेल्या फांद्या बागेत पडू देऊ नका. आमच्या वस्तीवरची शेळ्या राखणारी पोरं पाला झोडून नेतात आणि काट्याचं कुंपण आम्ही बांधावर रचतो. त्याच आठवड्यात झाडाखालची माती वीतभर खोल हलवून घ्या. फळमाशीचे कोष तिथं दडलेले असतात. ते उन्हात उघडे पडले की मरतात, उरलेले साळुंक्या वेचतात. गळालेली किडकी बोरंही तोडणीच्या काळातच वेचून खोल पुरलेली असली पाहिजेत. ही दोन कामं न करता नुसत्या औषधावर फळमाशी हटवू बघणारे दरवर्षी हरतात.

आता ॲपल बोराबद्दल, कारण नव्या लागवडी बहुतेक त्याच्याच आहेत आणि माझा धाकटा मुलगा त्यातच शिरलाय. थायलंडकडून आलेलं हे वाण. लावल्या वर्षीच फळ देतं, बोर लिंबापेक्षा मोठं, रंगानं हिरवट, खायला सफरचंदासारखं कुरकुरीत. नावात ॲपल आहे म्हणून माझ्या मुलानं हिमाचलच्या बागांमधली छाटणी बघितली. तिथली माणसं थंडीत, झाड निजलेलं असताना, जुन्या लाकडावरचे आखूड फळखुंट जपून ठेवतात आणि फक्त गर्दी कमी करतात. त्यांचं बरोबरच आहे. सफरचंदाचं फळ मुख्यतः दोन किंवा अधिक वर्षांच्या लाकडावरच्या त्या खुंटांवर येतं, आणि एकच खुंट कितीतरी वर्षं फळ देत राहतो. सगळं कापलं तर पुढच्या वर्षीचं फळच कापलं. मुलानं तेच बोराला केलं. जुन्या काड्या जपल्या, फक्त विरळणी केली. पुढच्या हंगामात फूट काड्यांच्या टोकाला आली, फळ टोकालाच लागलं, वजनानं फांद्या बुडातून फाटल्या.

आपल्याकडं डाळिंबाचंही असंच होतं. सांगोल्यात घरटी डाळिंब, त्यामुळं हाताला डाळिंबाची सवय. पण डाळिंबाला बहार, म्हणजे फुलाचा हंगाम, धरता येतो, आंबे, मृग की हस्त हे आपण पाण्याचा ताण देऊन ठरवतो, आणि कळी मुरलेल्या काडीवरही येते. बोराला हा पर्याय नाही. फूट नवी, फूल नवीन फुटीवर, हंगाम एकच.

ॲपल बोराचं लाकूड ठिसूळ आणि वाढ वेगाची, म्हणून त्याला उमराणपेक्षा कितीतरी कडक कापावं लागतं. माल संपल्यावर पाणी तोडा, झाड शांत होऊ द्या, मग खोड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आडवं कापा. होय, सगळं. पहिल्यांदा कापताना मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ठोंबावर वीस-पंचवीस फुटवे येतात. ते वीतभर झाले की चारी दिशांचे पाच-सहा ठेवून बाकीचे हातानं मोडायचे. राखलेल्या फुटव्यांना बांबू आणि तार लागतेच. ठिबकाची खात्री असेल तर मार्चअखेर कापलं तरी चालतं. पाणी विकतचं असेल तर उमराणसारखं एप्रिलअखेर थांबा.

बांधावरच्या रानबोराचंही सोनं करता येतं. एप्रिलमध्ये ते गुडघ्याएवढं ठेवून कापा, पेस्ट लावा. पावसावर फुटवे येतील, जोमाचे दोन ठेवा. जुलैत ते पेन्सिलीएवढे झाले की चांगल्या उमराणच्या काडीवरचा डोळा, पानाचा देठ ठेवून, सालीसकट काढून भरा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं डोळा उघडा ठेवून बांधा. तीन आठवड्यांनी देठाला बोट लावा. अलगद गळून पडला आणि डोळा हिरवा असेल तर कलम जगलं. देठ वाळून चिकटून राहिला तर गेलं, शेजारी दुसरा डोळा भरा. आमच्या बांधावर अशी नऊ झाडं आहेत.

छाटणीनंतर जून लागेपर्यंत बागेत काही करू नका. पाणीही नको. पाऊस आला की खोडाभोवतीची आळी नीट करून मोठ्या झाडाला चार-पाच घमेली शेणखत द्या. फूट वीतभर झाली की शेवटची एक फेरी राहते, ती बहुतेक लोक टाळतात. प्रत्येक काडीवर टोकाचे चार-पाच डोळे एकदम फुटतात. त्यांतल्या आत वळणाऱ्या, एकमेकींत घुसणाऱ्या फुटी कोवळ्या असतानाच बोटानं खुडायच्या. जून महिन्यात बोटानं जे काम होतं त्याला पुढच्या एप्रिलमध्ये करवत लागते. या फेरीत कलमाखालचे रानफुटवेही पुन्हा बघून घ्या.

ऑगस्टमध्ये पानाच्या बेचक्यात हिरवट-पिवळी बारीक फुलं दिसली की झाडाला हात लावायचा नाही, मधमाश्या आणि माश्या दिवसभर कामाला असतात, तेव्हा फवाराही नको. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, फळं वाटाण्याएवढी होताना, आणि तेही ऊन उतरल्यावर. तोवर मी सिकेटर पुसून, स्प्रिंगला तेल सोडून माळवदाच्या तुळईला टांगून ठेवते. सोबत वही असते, तिच्यात त्या वर्षीची छाटणीची तारीख, पहिलं फूल आणि पहिला तोडा.